चमत्कार म्हणावं का? (एनआयसीयूत काम करणाऱ्यांनी लिहा, इतरांनीही)

रातपाळी (धागाकर्ती)

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, १७ वर्षं झाली. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण देव आला की प्रतिसादांचं काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तरी काढते.

पूर्ण दिवसांचं बाळ. पोटातच शी करून ती श्वासाबरोबर ओढलेली. जन्मानंतर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल पडायला हव्यात, त्या पडल्याच नाहीत. याला आम्ही पीपीएचएन म्हणतो. व्हेंटिलेटर जेवढा वाढवता येतो तेवढा वाढवलेला, रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू चालू, शंभर टक्के ऑक्सिजन, आणि सॅचुरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, नव्वदीच्या वर हवं) पन्नाशीत. सक्शनला, म्हणजे नळीने श्वासमार्गातला चिकटा ओढायला, हात लावला की चाळिशीत. संध्याकाळच्या राऊंडनंतर मोठ्या डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, रात्र निघणं कठीण आहे. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. मी असते तर तेच सांगितलं असतं.

त्या रात्री आम्ही ठरवून काहीही केलं नाही. सक्शन नाही, कूस बदलणं नाही, एक्स-रे नाही. दिवा मंद, वॉर्मरला (बाळाला ऊब देणारी खाट) कापडाचा आडोसा, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाकडे मी डोळे वटारून बघत होते. पावणेतीनच्या नोंदीत सॅचुरेशन ५८. सव्वातीनला ७१. मला वाटलं सॅचुरेशन मोजणारा प्रोब निसटला, दुसऱ्या पायाला लावून बघितला. पावणेचारला ८४. साडेचारला ९३, आणि मग ते खाली आलंच नाही.

सकाळी डॉक्टर आले, चार्ट बघितला, दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग बाहेर गेले आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चमत्कार झाला."

बाहेरच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. तिचं बाळ आमच्याकडेच, शेजारच्या वॉर्मरवर होतं. आजार तोच, औषधं तीच, आम्ही माणसंही तीच. ते दोन दिवसांपूर्वी गेलं होतं आणि ती कागदपत्रांसाठी आली होती. तिने मान वर करून डॉक्टरांकडे बघितलं आणि परत खाली घातली. एवढंच.

तेव्हापासून तो शब्द माझ्या घशात अडकला आहे. विचारायचं आहे ते असं: आपण, म्हणजे जे मॉनिटर बघत बसतो ते, चमत्कार मानतो का? आणि मानत असू वा नसू, आईबापांसमोर तो शब्द काढावा का?

दशमान

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, आकडेमोडीतला आहे. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागावर जुजबी माहिती देतो.

२००४ साली अमेरिकेत सुमारे अकराशे डॉक्टरांना विचारलं होतं. चारातले जवळपास तीन म्हणाले, चमत्कार घडलेले आहेत आणि आजही घडू शकतात. म्हणजे डॉक्टर मंडळी सगळी नास्तिक असतात हा समज तिथेच निकालात निघतो. पण २००८ मधली दुसरी पाहणी बघा. तिथे प्रश्न नेमका होता: डॉक्टरांनी उपचारांचा उपयोग नाही म्हटल्यावरही देव रुग्णाला वाचवू शकतो का? सामान्य लोकांपैकी ५७ टक्के "हो" म्हणाले. अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसपैकी साधारण २० टक्के. (ती पाहणी अपघातांबद्दल होती, बाळांबद्दल नाही, हे ध्यानात ठेवा.)

दोन्ही शेजारी ठेवले की गंमत कळते. "चमत्कार असतात का" असं मोघम विचारलं की डॉक्टर हो म्हणतो. "या खाटेवर, आज रात्री?" असं विचारलं की आवाज खाली येतो.

बाकी तुमच्या बाळाबद्दल, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. शंभर बाळांबद्दल तुम्ही "कठीण आहे" म्हणालात तर त्यातली काही जगणारच, नाहीतर तुम्ही "कठीण" ऐवजी "अशक्य" म्हणाला असता.

कुंभार

दशमान, फांदी अशी वाऱ्यावर तुटली नाही हो. त्यामागे कारण आहे आणि ते सुंदर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी नवजात बालकांचा डॉक्टर आहे.

गर्भात बाळ फुप्फुसं वापरत नाही, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि रक्त दोन आडवाटांनी फुप्फुसांना वळसा घालून जातं. पहिल्या श्वासाबरोबर त्या वाहिन्या सैल व्हायच्या आणि आडवाटा बंद व्हायच्या. पीपीएचएनमध्ये हे अडतं. ऑक्सिजन कमी म्हणून वाहिन्या आवळतात, वाहिन्या आवळल्या म्हणून ऑक्सिजन कमी. वेदना, आवाज, सक्शन, सगळ्याने चक्र घट्ट होतं. पण हेच चक्र उलटही फिरतं. एकदा वाहिन्या थोड्या सैल पडल्या की ऑक्सिजन वाढतो, तो वाढला की त्या आणखी सैल पडतात. म्हणून पीपीएचएनचं बाळ सुधारतं तेव्हा हळूहळू सुधारत नाही, उलथतं. दोन तासांत ५८ वरून ९३ हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. उलटंही पाहिलं आहे.

आता तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने एक शब्द. तो माणूस चार्टसमोर दोन मिनिटं उभा राहिला ना? मला वाटतं त्या दोन मिनिटांत तो आपलं आदल्या संध्याकाळचं वाक्य गिळत होता. आपला अंदाज चुकला असं वडिलांना सांगणं जड जातं. "चमत्कार झाला" म्हटलं की अंदाजही बरोबर राहतो आणि बाळही जगतं. आम्हा डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द बहुतेक वेळा आमच्याच चुकलेल्या भाकिताचं टोपणनाव असतो. मी स्वतः वापरला आहे.

आणि भाकितं चुकतात किती? शिकागोचे विल्यम मेडो यांनी व्हेंटिलेटरवरच्या बाळांबाबत रोज डॉक्टर-नर्सेसना विचारलं, हे बाळ घरी जाईल की जाणार नाही? ज्यांच्याबद्दल कधी ना कधी कुणीतरी "जाणार नाही" म्हटलं होतं त्यातली जवळपास निम्मी जिवंत घरी गेली. (त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे मेंदूच्या वाढीचे त्रास राहिले, तेही त्यांनीच मांडलं आहे.) म्हणजे आमची धास्ती खोटी नसते, पण मरणाच्या बाबतीत ती नाणेफेकीहून फार बरी नसते.

मूषक

कुंभार, +१. वाचनखूण साठवली.

दशमान

"कारण आहे आणि ते सुंदर आहे" हे मान्य. फांदी मागे घेतो.

सांजवात

इथे मानणाऱ्या डॉक्टरनेही बोलायला हवं, म्हणून लिहिते. मीही नवजात अतिदक्षतेत आहे.

मी मानते. इन्ट्युबेशनच्या, म्हणजे बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब घालण्याच्या, आधी एक क्षण डोळे मिटते आणि ते माझ्या युनिटमध्ये कुणाला माहीत नाही. घशात बघायचा लॅरिंगोस्कोप डाव्या हातात धरलेला असतो तेव्हा कोण बघतं? प्रार्थनेने ट्यूब बरोबर जाते असं मी म्हणत नाही. माझा हात थरथरायचा थांबतो, एवढं नक्की.

कुंभारांचं पटतं, पण पुरतं पटत नाही. आमच्याकडे एक बाळ होतं, मेंदूत दोन्हीकडे मोठा रक्तस्राव, चौथ्या म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचा. आईबापांशी बोलून उपचार मर्यादित ठेवायचं ठरलं, व्हेंटिलेटर काढला. बाळ श्वास घेत राहिलं. तासभर, रात्रभर, आठवडाभर. ते आता चालतं, थोडं लंगडतं. तुम्ही म्हणाल श्वसनकेंद्र शाबूत होतं. होतंच. पण त्या रात्री मी तिथे होते, आणि "श्वसनकेंद्र शाबूत" या दोन शब्दांत ती रात्र मावत नाही. एखादी गोष्ट कशी घडली हे समजलं म्हणून माझं थक्क होणं थांबत नाही. माझा विश्वास तेवढ्याच जागेत राहतो. तिथून बाहेर पडून तो औषधाच्या डोसमध्ये ढवळाढवळ करायला लागला तर मी स्वतः त्याला हाकलेन.

अवांतर: विश्वास फक्त देवावरच असतो असं समजू नका. रात्रपाळीला "आज शांत आहे" असं म्हणायला आमच्याकडचे पक्के नास्तिकसुद्धा धजत नाहीत.

रातपाळी

शांत आहे म्हणणाऱ्या नवख्या मुलीला आमच्या इनचार्जने एकदा खरोखर बाहेर काढलं होतं :)

सांजवात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "हाकलेन" वर थांबले. विश्वास डोसमध्ये शिरतो तेव्हा तो विश्वास आहे हेच आपल्याला कळत नाही, नाही का? आपल्याला ती माया वाटते.

कुंभार

अगदी. यावर इतिहासातला एक प्रसंग, जो मी दर वर्षी नव्या रेसिडेंट्सना सांगतो.

१९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायची पद्धत पडली. बाळ गुलाबी दिसायचं, सगळे खूश. मग ही मुलं आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे दहा हजार. वॉशिंग्टनमध्ये आर्नाल पॅट्झ या तरुण नेत्रतज्ज्ञाला शंका आली की जादा ऑक्सिजनच डोळ्यांचा पडदा बिघडवतो. १९५१ च्या सुमारास त्याने बाळांचे दोन गट केले, एकाला भरपूर, एकाला गरजेपुरता. आणि रात्री काही नर्सेस काय करायच्या? कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचा नळ गुपचूप मोठा करायच्या. डोळ्यांसमोर लेकरू आणि कुणीतरी त्याचा श्वास मोजून देतंय, हे त्यांना बघवेना. पुढे १९५३-५४ च्या मोठ्या चाचणीने पॅट्झ बरोबर ठरला.

त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्या जागी मी असतो तर मीही नळ फिरवला असता.

अलीकडचंही आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना पहिल्या सहा तासांत ३३.५ अंशांपर्यंत थंड करून ७२ तास तसंच ठेवायचं, याने मेंदू वाचतो हे श्रीमंत देशांत सिद्ध झालं. आम्ही हरखलो. एवढा साधा उपाय! २०२१ मध्ये भारत, श्रीलंका, बांगलादेशातली हेलिक्स चाचणी आली. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. उपाय तोच, बाळं वेगळी. ज्याला आपण मनातल्या मनात चमत्कार म्हणून मोकळे होतो, त्याची तपासणी करायचं आपण थांबवतो, हा माझा खरा आक्षेप आहे.

सांजवात

आक्षेप मान्य, पण मग दुसरी बाजूही घ्या. अविश्वासही डोसमध्ये शिरतो.

ट्रायसोमी १८ आणि १३, म्हणजे त्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त घेऊन जन्मलेली बाळं. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात "जीवनाशी विसंगत" असा शिक्का होता. शिक्का होता म्हणून शस्त्रक्रिया नाही, व्हेंटिलेटर नाही. ते नाही म्हणून बाळ जायचं. गेलं म्हणून शिक्का बरोबर. २०१६ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोची आकडेवारी आली: वर्षभर जगणारी १८ मध्ये सुमारे १३ टक्के आणि १३ मध्ये २० टक्के, दहा वर्षं जगणारी दोन्हींत दहा टक्क्यांच्या आसपास. फार नाहीत. पण "विसंगत"सुद्धा नाहीत. आपण ज्याला वस्तुनिष्ठ अंदाज म्हणत होतो तो अर्धा आपणच घडवलेला होता. आणि अशी मुलगी तीन वर्षांची होऊन समोर आली की आपण काय म्हणायचो? चमत्कार! आधी दार बंद करायचं, आणि कुणी खिडकीतून आत आलं की आश्चर्य करायचं.

कुंभार

हे लागलं. बरोबर आहे.

नवखा

मी रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष. वरच्या चर्चेपुढे माझा प्रश्न फारच जमिनीवरचा आहे. काउन्सेलिंगला बसलो की आईवडील म्हणतात, "डॉक्टर, आम्ही चमत्काराची वाट बघतोय." मला पुढे बोलताच येत नाही. "चमत्कार होत नसतात" म्हटलं तर मी राक्षस. "हो, बघू या" म्हटलं तर खोटारडा. परवा मी सरळ ब्लड गॅसचे (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) आकडे वाचायला लागलो. त्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं...

सांजवात

नवखा, आकड्यांच्या मागे लपणं सगळ्यांनी केलेलं असतं. स्वतःला फार बोलू नकोस.

यासाठी एक चौकट आहे, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका कर्करोगविषयक नियतकालिकात मांडलेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव "आमेन" आहे. पहिलं, त्यांची आशा कबूल करायची: "मलाही तेच हवं आहे." दुसरं, ते जिथे उभे आहेत तिथे जाऊन भेटायचं. तिसरं, त्यानंतरच वैद्यकीय परिस्थिती सांगायची, आणि "पण" न वापरता. "मलाही तेच हवं आहे, आणि आज किडन्या काम करत नाहीयेत हेही मला तुम्हाला सांगायचं आहे." चौथं, काहीही झालं तरी आम्ही इथेच आहोत.

"पण" आणि "आणि" मधला फरक वाचताना बारीक वाटतो. खुर्चीत बसून बोलून बघ.

रातपाळी

माझी यात थोडी भर. आधी विचार, "चमत्कार म्हणजे तुम्हाला काय झालेलं हवं आहे?" मी एका आजीला विचारलं होतं. मला वाटलं म्हणेल बाळ बरं व्हावं. ती म्हणाली, "नळ्या काढून एकदा आईच्या कुशीत द्या." ते आम्ही दुपारी केलं. चमत्कार म्हणजे बाळ बरं होणं हे आम्हीच धरून चालतो. पुष्कळांना तेवढ्यात कळून चुकलेलं असतं.

आणि कुठल्याही बाबतीत उभ्याने बोलू नकोस. खुर्ची नसेल तर उकिडवा बस.

नवखा

ताई, सांजवात मॅडम, दोघींना धन्यवाद. "काय झालेलं हवं आहे" हे कधी सुचलंच नसतं.

खिडकीजवळ

उशिरा येतेय धाग्यावर. मी फिजिओथेरपिस्ट, फॉलोअप ओपीडीत. तुम्ही सगळे ज्या मुलांच्या गोष्टी सांगताय ती वर्षा-दीड वर्षाची झाली की माझ्याकडे येतात. त्यामुळे माझी तक्रार निराळी आहे.

तुम्ही त्यांना "चमत्कार" म्हणून घरी पाठवता आणि तो शब्द त्यांच्या आयांच्या तोंडात बोळा होऊन बसतो. मांडीवर मूल असतं, पाय कात्रीसारखे आवळलेले, मान अजून धरत नाही. मी विचारते, तुम्ही कशा आहात? उत्तर ठरलेलं: "आम्ही तक्रार कशी करणार मॅडम, हे जगलं तोच चमत्कार." तीन महिने रात्री झोप नाही, पाठ गेली, नोकरी सुटली, पण बोलायचं नाही. देणगी मिळाल्यावर कुरकुर कशी करणार? एका आईने सहाव्या भेटीला पहिल्यांदा म्हटलं की मला कधीकधी याचा राग येतो. म्हणाली आणि लगेच माफी मागितली. कुणाची माफी, ते तिलाही ठाऊक नसेल.

आणि आणखी एक. "चमत्कार" म्हटलेल्या मुलांचे आईबाप पहिल्या तपासणीला उशिरा येतात असं माझं निरीक्षण आहे. निरीक्षणच, अभ्यास नाही. झालं ना बरं, आता कशाला? मेंदू सर्वांत जास्त वळतो तो पहिल्या वर्षात, आणि तोच काळ हातचा जातो.

मूषक

एक शंका. एनआयसीयूंमध्ये ती मोठी झालेल्या मुलांच्या फोटोंची भिंत असते ना? ती बघून मला तर फार बरं वाटलं होतं.

खिडकीजवळ

असते. आणि बरं वाटायलाच हवं. पण त्या भिंतीवर माझ्या ओपीडीतली मुलं बघितलीत का? खुर्चीला पट्ट्याने बांधून बसवलेली? मी एकदा असा एक फोटो नेऊन दिला. छान हसरा फोटो होता, स्टँडिंग फ्रेममध्ये उभा असलेला मुलगा. "बघू, जागा झाली की लावतो" म्हणाले. दोन वर्षं झाली.

दशमान

ज्यांचे फोटो लागले नाहीत त्यांना धरूनच हिशेब करावा लागतो. आमच्या विषयात याला नाव आहे, पण इथे ते देऊन काही साधत नाही.

पानगळ

मी आई आहे. वाचत होते, लिहायचं नव्हतं.

मला जुळं होतं, २६ आठवड्यांचं. एक आहे, एक नाही. जो आहे त्याला सगळे, अगदी हॉस्पिटलमधलेही, "चमत्कारी बाळ" म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मला कळतं. पण प्रत्येक वेळी माझ्या मनात दुसरी येते. तिने काय कमी केलं? पोट एकच होतं. तिच्यासाठीही मी तेवढंच मागितलं होतं. तो चमत्कार असेल तर तिच्या वेळी तो कुठे गेला होता? मग मी रात्री हिशेब करत बसते की तिच्या वेळी माझं काय चुकलं.

कुंभारांनी लिहिलेलं "चुकलेल्या भाकिताचं टोपणनाव" वाचून विचित्र वाटेल, पण मला हलकं वाटलं. अंदाज चुकला असेल तर त्याची निवड कुणी केली नाही, आणि तिला कुणी नाकारलं नाही.

सांजवात

पानगळ, तुमच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. मानणाऱ्या माणसाकडे असायला हवं असं वाटतं, पण नाही.

कुंभार

पानगळ, लिहिलंत हे बरं केलंत.

तुमचं वाचून एक आठवलं. सर्वांत कमी दिवसांत जन्मून जगलेल्या बाळाचा विक्रम काही वर्षं अमेरिकेतल्या अलाबामातल्या एका मुलाच्या नावावर होता. जुलै २०२०, २१ आठवडे १ दिवस, वजन ४२० ग्रॅम. जगभर "चमत्कार" म्हणून छापून आलं. तोही जुळ्यातला होता. बहीण दुसऱ्या दिवशी गेली. आई तीच, टीम तीच, औषधं तीच. बातम्यांत ती एका ओळीत असते, असली तर.

आणि याची दुसरी टोकाची गोष्ट. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोंहून अधिक वजनाचा. ३९ तासांत गेला. फुप्फुसांत सर्फॅक्टंट (श्वास सोडल्यावर फुप्फुसं मिटू न देणारा पदार्थ) नव्हतं. मेरी एलन एव्हरी यांनी कारण १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं, पण बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं वाचवल्याचं जपानच्या फुजिवारांनी छापलं ते १९८० मध्ये. मधली २१ वर्षं कुणाची प्रार्थना कमी पडली असेल असं मला वाटत नाही. आज त्या वजनाचं बाळ आमच्याकडे आलं तर आम्ही पाळी बदलतानाच्या हॅन्डओव्हरमध्ये त्याला दोन वाक्यंसुद्धा देत नाही.

मूषक

मग बहुतेक त्या दोन वाक्यांनाच चमत्कार म्हणायला हवं.

रातपाळी

मूषक, हे वाक्य मी चोरणार.

सगळ्यांचे आभार. कुणी भांडलं नाही, हेही लिहून ठेवते. माझं मत विचारलंत कुणी नाही तरी सांगते. चमत्कार मानते की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. शब्दाचं मात्र ठरलं. कुणाच्याही समोर, विशेषतः त्या बाकावर कोण कोण बसलं आहे हे बघितल्याशिवाय, काढायचा नाही. सांजवातसारखा मनात ठेवायला हरकत नाही.

आणि १९७५ मधलं एक, कुंभारांना माहीत असेल. एक्मो मशीनवर (शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणारं यंत्र) जगलेलं पहिलं नवजात बाळ कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांच्याकडचं, आजार हाच, श्वासात शी गेलेली. आई नव्हती जवळ. नर्सेसनीच तिचं नाव ठेवलं, स्पॅनिशमध्ये "आशा". चमत्कार नाही ठेवलं बघा. मला त्या बायका ओळखीच्या वाटतात.

नवखा

ताई, त्या ५८ वरून ९३ वाल्या बाळाचं पुढे काय झालं?

रातपाळी

गेलं घरी, अठराव्या दिवशी. डिस्चार्जला वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, खरंच चमत्कार होता का?" मी त्यांना त्या रात्रीचा चार्ट दाखवला. दर अर्ध्या तासाची नोंद. त्यांनी पान नीट वाचलं, बोट ठेवून, पावणेतीन, सव्वातीन. मग विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" माझंच होतं. त्यांनी पानाचा फोटो मागितला. नियमात बसत नाही, म्हणून रेकॉर्डमधून रीतसर प्रत कशी मागायची ते सांगितलं.

फॉलोअपची तारीख कार्डावर लाल पेनाने लिहून दिली. खिडकीजवळ, हे तुमच्यामुळे पुढच्या सगळ्यांना करणार.

पानगळ

आणि बाकावरच्या बाई?

रातपाळी

काल रेकॉर्डमधून तिच्या बाळाची फाइल काढून बघितली. शेवटच्या रात्री ड्यूटी माझीच होती, विसरले होते. त्या रात्रीही दिवा मंद होता, सक्शन केलं नव्हतं, दर अर्ध्या तासाला नोंद आहे. अक्षर माझंच.

मेट्रनशी बोलले. मोठ्या डॉक्टरांशीही, ते ऐकून गप्प बसले आणि म्हणाले, मीही थांबेन. तिला फोन करून विचारणार आहोत की यायचंय का, तो चार्ट शेजारी बसून बघायचाय का. येईल की नाही, माहीत नाही. फोन मीच करणार आहे, गुरुवारी.